जंतू खाडीचा, रोग आपला

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात खाडीकाठच्या गावांत दवाखाना चालवला. जुलाब-उलट्यांचा रोगी आला की औषध देण्याआधी ते विचारत, "पाणी कुठलं पिता?" आज मी त्याच प्रश्नाची फोड करणार आहे.

संयोजकांनी विषय दिला आहे तो दूषित पाणी आणि समुद्री अन्न यांतून होणाऱ्या जिवाणूजन्य आजारांचा. हा पसारा मोठा आहे. विषमज्वर आहे, हगवण आहे. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात माणसांचे हातपाय अचानक लुळे पडू लागले, तेव्हा अनेक रुग्णांच्या नमुन्यांत आढळलेला कॅम्पायलोबॅक्टरही याच यादीतला. तासाभरात सगळ्यांना न्याय देता येणार नाही. म्हणून मी एकच कुळ निवडलं आहे : व्हिब्रिओ. पटकी म्हणजे कॉलरा घडवणारा जिवाणू याच कुळातला. मासे-कोळंबीतून पोट बिघडवणारा त्याचा भाऊ आहे, आणि जखमेतून शिरून जीव घेणारा तिसराही आहे.

हे कुळ निवडण्याचं कारण सांगतो. विषमज्वराचा जंतू माणसाच्या शरीरातच वाढतो. माणसाची विष्ठा पाण्यात जाऊ दिली नाही तर त्याला जगायला जागा उरत नाही. देवीचा विषाणूही फक्त माणसावर जगणारा होता, म्हणून जगातून त्याचं उच्चाटन करता आलं. व्हिब्रिओचं तसं नाही. तो खाडीचा मूळ रहिवासी आहे. माणूस नसता तरी तो तिथे असता, आणि उद्या एकही रुग्ण उरला नाही तरी तो तिथे राहणारच. त्याला हद्दपार करणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते त्याच्या आणि आपल्या पोटाच्या मध्ये अडसर घालणं. जंतू निसर्गाने दिला, साथ मात्र माणसांच्या कारभारातून उभी राहते. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सारं त्याचा पुरावा म्हणून.

आधी या जंतूची ओळख करून देतो. रुग्णाच्या तांदळाच्या धुवणासारख्या पातळ जुलाबाचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर स्वल्पविरामासारखे किंचित वाकडे असंख्य कण सरळ रेषेत सुसाट धावताना दिसतात. प्रत्येकाच्या एका टोकाला एक शेपूट असते आणि तिच्या जोरावर ही धाव चालते. त्या थेंबात कॉलऱ्याविरुद्धचा रक्तद्रव मिसळला की धावपळ जागच्या जागी थांबते. निदान पक्कं करायचं तर टीसीबीएस नावाच्या हिरव्या माध्यमावर नमुना पसरून रात्रभर उबेला ठेवतात. सकाळी कॉलऱ्याच्या जंतूंच्या वसाहती पिवळ्याधमक उगवलेल्या असतात, कारण तो माध्यमातली साखर आंबवतो. मासळीतून येणारा त्याचा भाऊ, पॅराहिमोलिटिकस, ही साखर आंबवत नाही. त्याच्या वसाहती निळसर हिरव्याच राहतात. तालुक्याच्या साध्या प्रयोगशाळेतही ही तपासणी होऊ शकते.

इटलीत फिलिप्पो पाचिनीने १८५४मध्ये हा जंतू पाहिला आणि त्याबद्दल लिहिलं, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. तीस वर्षांनी, १८८४मध्ये, रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात तो शुद्ध स्वरूपात वाढवला. रुग्णांच्या आतड्यांत तर तो सापडलाच, शिवाय ज्या तळ्याच्या काठच्या घरांत साथ चालू होती त्या तळ्याच्या पाण्यातही सापडला. त्याच तळ्यावर लोक अंघोळ करत, कपडे धूत आणि पिण्याचं पाणीही तिथूनच नेत.

पण तळ्यात आणि खाडीत हा जंतू करतो काय, हे कळायला आणखी शंभरेक वर्षं गेली. साथ नसते तेव्हा तो जातो कुठे, हा जुना प्रश्न होता. अमेरिकन शास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांनी बांगलादेशात आणि अन्यत्र केलेल्या कामातून त्याचं उत्तर मिळालं : तो कुठेच जात नाही. खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सीमेवर तरंगणारे बारीक कवचधारी जीव असतात. कोपेपॉड म्हणतात त्यांना, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले. त्यांच्या कवचांना हे जंतू हजारोंनी चिकटून राहतात. कवच कायटिनचं असतं आणि कायटिन हे व्हिब्रिओचं अन्न. कोळंबी, चिंबोरी, कोपेपॉड यांनी टाकलेली कवचं समुद्रात साचून राहत नाहीत, याचं मोठं श्रेय याच कुळाला आहे. पाण्यात त्याचं काम विघटनाचं आहे आणि ते उपयोगी आहे. थंडीत किंवा उपासमारीत तो आक्रसतो, निपचित पडतो, माध्यमावर वाढतही नाही, पण जिवंत असतो. म्हणून एखाद्या नमुन्यात जंतू उगवला नाही एवढ्यावरून ते पाणी निर्धोक ठरत नाही.

खाडीतले बहुतेक व्हिब्रिओ माणसाला पटकी देत नाहीत. पटकीचं विष तयार करणारी जनुकं ही मुळात त्याची स्वतःची नाहीतच. जिवाणूंना लागण करणारा एक विषाणू ती घेऊन फिरतो आणि जिवाणूच्या जनुकसंचात बसवतो. हे १९९६मध्ये वाल्डोर आणि मेकालानोस या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं. कवचावर वाढत असताना आसपासच्या मेलेल्या जिवाणूंची जनुकं उचलून आत घेण्याची क्षमताही व्हिब्रिओमध्ये जागी होते. म्हणजे खाडीच्या पाण्यात नवनव्या जातींची जुळणी अखंड चालू आहे. १९९२मध्ये मद्रास आणि कलकत्त्यात ओ-१३९ नावाची पटकीची अगदी नवी जात उभी राहिली, ती अशाच देवाणघेवाणीतून.

आता पोटात काय होतं ते पाहू. कॉखला वाटलं होतं की हा जंतू विष सोडत असणार, पण ते विष कोणाला सापडेना. अनेक वर्षं संशोधक जंतू रक्तात टोचून पाहत राहिले. कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी वेगळी वाट धरली. आजार आतड्यात होतो, तर प्रयोगही आतड्यातच करायचा. सशाला भूल देऊन त्यांनी त्याच्या आतड्याचा छोटा तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि त्या बंद तुकड्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो तुकडा पाण्याने तट्ट फुगला होता. शेजारचा, जंतू न सोडलेला तुकडा सपाटच होता. पुढे त्यांनी जंतू पूर्ण गाळून काढलेला नुसता द्रव वापरला, तरी आतडं फुगलं. विष सापडलं. १९५९मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा हा निबंध आला. जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेल विजेत्याने डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं, पण मायदेशात १९८५मध्ये निधन होईपर्यंत त्यांच्या वाट्याला मोठा सन्मान आला नाही. त्यांचं नाव आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या विषाने आतड्याचा नाश होत नाही. ते आतड्याच्या पेशीला चिकटतं, आत शिरतं आणि पेशीची क्लोराइड बाहेर सोडणारी यंत्रणा सतत चालू ठेवतं. क्लोराइडच्या मागे सोडियम आणि त्यांच्या मागे पाणी. धडधाकट माणूस तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. डोळे खोल जातात, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, आवाज बसतो, पोटऱ्यांत गोळे येतात. उपचार झाले नाहीत तर सकाळी चालता-बोलता असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जातो.

पण या पेशीला आणखी एक दार असतं आणि विष त्याला हात लावू शकत नाही. साखर आणि मीठ यांची जोडी मिळाली की पेशी दोन्ही एकदम आत ओढते आणि त्यांच्याबरोबर पाणीही आत घेते. जीवनजल, म्हणजे ओआरएस, याच दारातून शरीरात पोचतं. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी उसळली. शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, खायचं मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधून घेतल्या, पिंपांत त्यांचं पाणी कालवलं आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. दर लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते चारच्याही खाली आलं. प्रशिक्षित परिचारिकांच्या जागी आया आणि भाऊ-बहिणी हे काम करत होत्या. महालनबीस २०२२मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. घरात पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येकाला तोंडपाठ हवं. जुलाब लागल्यावर पाणी तोडायचं, ही समजूत अजूनही काही घरांत आहे. ती जीव घेते.

उपचाराची गोष्ट इथे थांबवतो, कारण माझा मुद्दा साथीचा आहे. एकाच काळात, एकाच नदीवर, दोन शेजारी शहरांचं काय झालं ते ऐका. १८९२मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये पटकीची साथ आली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी जसंच्या तसं, न गाळता नळांना देत होतं. गाळणीचा खर्च नगरसभेत वर्षानुवर्षं लांबणीवर पडला होता. काही आठवड्यांत त्या शहरात साडेआठ हजारांवर माणसं मेली. लगतचं अल्टोना हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला होतं. हॅम्बुर्गची घाण ज्या पाण्यात मिसळे तेच पाणी अल्टोना उचलत होतं, पण वाळूच्या संथ गाळणीतून गाळून देत होतं. तिथे साथ पसरली नाही. दोन्ही शहरांची घरं काही ठिकाणी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना होती. हवा एक, माती एक, माणसं एकाच थरातली. तरीही मृत्यू रस्त्याच्या एकाच बाजूला, हॅम्बुर्गचा नळ असलेल्या घरांत. कॉखने हा पुरावा जगापुढे मांडला. नगरसभेच्या एका निर्णयाने माणसं वाचतात आणि तो निर्णय लांबवला तर मरतात, याचा याहून उघड दाखला मला माहीत नाही.

आता समुद्राकडे वळू. १९९१च्या जानेवारीत दक्षिण अमेरिकेतल्या पेरूच्या किनाऱ्यावर पटकी उगवली. त्या खंडात जवळजवळ शंभर वर्षं पटकीची साथ नव्हती. वर्षभरात एकट्या पेरूत तीन लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २,९०० मेले. लगेच बोट दाखवलं गेलं ते सेविचेकडे. सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, तिथलं आवडतं अन्न. मासळीचा धंदा बसला, निर्यात थांबली. राष्ट्राध्यक्ष फुहिमोरींनी लोकांसमोर सेविचे खाऊन दाखवला. कच्च्या माशातून धोका होताच. पण घरोघर चौकशी झाली तेव्हा दिसलं की न उकळलेलं पाणी, रस्त्यावरची पेयं आणि त्यांत घातलेला बर्फ हे त्याहून मोठे मार्ग होते. त्रुहियो शहरात तपासणी केली तर पाणी उगमापासून घरापर्यंत येताना अधिकाधिक दूषित होत गेलेलं सापडलं, आणि सर्वांत जास्त दूषित होतं ते घरात साठवलेल्या भांड्यांतलं, ज्यात हात बुडत होते. मासळी बदनाम झाली, पण साथ वाढवली पाण्याच्या व्यवस्थेने.

मासळी मात्र निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा खाऱ्या पाण्याचा जंतू मासळीतूनच पोटात जातो. १९५०मध्ये जपानच्या ओसाका भागात शिरासू नावाची अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ माणसं आजारी पडली आणि २० मेली. त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्या मासळीतून हा जंतू वेगळा केला. १९९६मध्ये कलकत्त्यात याची ओ३:के६ नावाची एक आक्रमक जात रुग्णांत अचानक वाढली आणि थोड्याच वर्षांत आशिया, अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांवर पोचली. २००४मध्ये अलास्कासारख्या थंड प्रदेशात एका पर्यटन जहाजावरचे प्रवासी कच्ची कालवं खाऊन आजारी पडले. त्या कालवांच्या बागेत उन्हाळ्यात पाणी १५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं होतं. त्याआधी हा जंतू इतक्या उत्तरेला रोग घडवताना दिसला नव्हता. आपला अरबी समुद्र वर्षभर त्याच्या आवडीइतका उबदार असतो, आणि तोही तापतो आहे.

कालवं, तिसऱ्या, मुळे, शिनाणे या शिंपल्यांचा वेगळा विचार करायला हवा. हे जीव पाणी आत ओढतात, त्यातलं अन्न गाळून घेतात आणि पाणी सोडून देतात. मोठं कालव अनुकूल स्थितीत दिवसाला शंभराहून जास्त लिटर पाणी गाळू शकतं. त्यामुळे खाडीत जे असेल ते त्यात साठत जातं. व्हिब्रिओ साठतो आणि गावचं गटार खाडीत सोडलं असेल तर त्यातले विषाणू आणि जिवाणूही साठतात. कोकणात आणि गोव्यात आपण हे शिजवून खातो. कालवांचं कालवण असो की तिसऱ्यांचं सुकं, चूल हा आपला शेवटचा आणि भक्कम अडसर आहे. हे जंतू उष्णतेला टिकत नाहीत. शिंपला उघडला की लगेच उतरवू नये, आणखी काही मिनिटं चांगलं रटरटू द्यावं. अर्धकच्चं कालव चाखण्याची नवी हौस शहरांतल्या हॉटेलांतून पसरते आहे. यकृताचा आजार, मधुमेह किंवा दारूचं व्यसन असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

या शेवटच्या वाक्याला कारण आहे. कुळातला तिसरा भाऊ, व्हिब्रिओ व्हल्निफिकस, निरोगी माणसाला सहसा फारसा त्रास देत नाही. पण ज्याचं यकृत कमजोर आहे किंवा ज्याच्या शरीरात लोह जास्त साठलं आहे, त्याच्या रक्तात तो झपाट्याने वाढतो. जंतू रक्तात शिरलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावतात. तो जखमेतूनही शिरतो. २००५मध्ये कॅटरिना वादळानंतर अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर पुराच्या पाण्यात वावरणाऱ्यांच्या जखमांत तो सापडला आणि काही माणसं गेली. आपल्याकडे ओहोटीला खडकांवर बसून कालवं फोडणाऱ्या बायकांच्या बोटांवर रोज चरे पडतात. मासळी निवडताना कोळंबीचा काटा रुततो. बहुतेक वेळा काही होत नाही. पण काप पडल्यावर काही तासांतच हात लाल होऊन सुजला, फोड आले, ताप चढला, तर घरगुती लेपात वेळ घालवू नये. डॉक्टरांना "खाडीच्या पाण्यात कापलं" हे आवर्जून सांगावं, कारण प्रतिजैविक निवडताना तेवढी माहिती निर्णायक ठरते.

आता बर्फाबद्दल. पॅराहिमोलिटिकसला ऊब मिळाली तर तो दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. दर दहा मिनिटांनी दुप्पट म्हणजे तासाला चौसष्ट पट, दोन तासांत चार हजार पट. होडी बंदराला लागल्यापासून लिलाव, टेम्पो, बाजार, घर, या प्रवासात मासळी उन्हात किती वेळ राहिली यावर जंतूंची संख्या ठरते. थंडीत त्याची वाढ थांबते. तो सगळा मरत नाही, पण वाढत नाही. म्हणून बर्फ हवा, आणि तोही पिण्याच्या पाण्याचाच हवा. मासळीवर टाकायचा बर्फ काय, कसल्याही पाण्याचा चालेल, असं समजणं धोक्याचं आहे. तो वितळतो तेव्हा त्याचं पाणी मासळीवरून ओघळतं आणि विकणाऱ्या बाईच्या हाताला लागतं. बाजारात बसणाऱ्या कोळणींना ओटा, नळ आणि सावली देणं हाही आरोग्याचाच खर्च आहे.

आपल्या गावांनी पटकीला फार जवळून पाहिलं आहे. १८१७मध्ये बंगालच्या जेसोरमध्ये उसळलेली साथ व्यापाराच्या आणि लष्कराच्या वाटेने देशभर आणि देशाबाहेर गेली. पंढरीच्या वाटेवर पटकीने किती वारकरी नेले, याच्या आठवणी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. हतबल माणसांना दुसरा मार्ग नव्हता. पण गाडा पुढच्या गावाच्या शिवेत जाई आणि ते गाव तो आणखी पुढे ढकले. रोग माझ्या शिवेबाहेर गेला म्हणजे झालं, हा विचार गाड्याबरोबर संपलेला नाही. आपलं सांडपाणी नदीत सोडून खालच्या गावाने स्वतःचं बघावं, असं म्हणणारी नगरपालिका तोच गाडा ओढते आहे.

आणि आता आपल्याकडे साधनं आहेत. आषाढी वारीच्या वाटेवर आरोग्य कर्मचारी विहिरी आणि टँकरचं पाणी तपासतात, त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालतात. गावातली ओटी टेस्ट कित्येकांनी पाहिली असेल. नळाचं पाणी काचेच्या छोट्या नळीत घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकायचे. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर त्या पाण्याला कसलंही संरक्षण नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. शेवटचं टोक महत्त्वाचं आहे, कारण टाकीजवळचं पाणी नेहमीच पिवळं होतं. आपल्याकडे नळ दिवसातून तास-दोन तास येतो. बाकीचा वेळ वाहिनी रिकामी असते, तिच्यात दाब नसतो, आणि जिथे सांधा गळतो तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. नळ आल्यावर पहिल्या धारेबरोबर तेच घरात येतं. टीसीएलचं पोतं उघडं, दमट खोलीत पडून राहिलं तर त्यातला क्लोरीन उडून जातो. पोतं संपलं की नाही एवढंच पाहिलं जातं, त्यात ताकद होती का हे कोणी तपासत नाही.

घरात करण्यासारखं बरंच आहे आणि ते आपल्या आजींना ठाऊक होतं. हंड्यात हात बुडवायचा नाही, ओगराळ्याने पाणी घ्यायचं. बांगलादेशातल्या मतलब भागात कोलवेल आणि सहकाऱ्यांनी ६५ गावांत पाहणी केली. सुती साडीच्या चार घड्या करून त्यातून पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत पटकी जवळजवळ निम्म्याने घटली. जुन्या धुवट साडीचे धागे फुगून जवळ येतात आणि जंतू ज्यांच्यावर बसलेले असतात ते कोपेपॉड त्यात अडकतात. उकळणं किंवा क्लोरीन याहून चांगलं, यात वाद नाही. पण ज्या घरात सरपण आणि गॅस दोन्ही महाग आहेत, तिथे जुनं लुगडंही जीव वाचवतं.

तरीही घरच्या सावधगिरीवर सगळा भार टाकणं मला मान्य नाही. हॅम्बुर्गच्या बायका काही अल्टोनाच्या बायकांपेक्षा कमी स्वच्छ नव्हत्या. त्यांच्या नळाला गाळणी नव्हती. ज्या बाईला रात्री दोन वाजता येणाऱ्या नळासाठी जागावं लागतं, तिला पाणी उकळून पीत जा एवढंच सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही.

म्हणून या सभागृहातून उठताना तुमच्याकडे एक मागणी करतो. महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना कार्डं दिली जातात. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. आपल्या गावाला यंदा कोणतं कार्ड मिळालं, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा. लाल असेल तर कोणत्या विहिरीमुळे आणि दुरुस्तीला पैसे कधी मिळणार, हे विचारा. वाडीच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा. पावसाच्या तोंडाशी नळवाहिनीचे सांधे कोणी तपासले, बंदरावरच्या बर्फाचं पाणी कुठून येतं, गावचं सांडपाणी खाडीत कुठे पडतं आणि कालवांची खडपं तिथून किती लांब आहेत, हेही विचारा. उत्तरं कागदावर मागा आणि पुढच्या सभेत पुन्हा काढा. हॅम्बुर्गच्या नगरसभेत वेळीच कोणी असा हट्ट धरला असता, तर साडेआठ हजार माणसं त्या उन्हाळ्यात मेली नसती. व्हिब्रिओ खाडीत राहणार आहे. तो आपल्या पेल्यात येणार नाही याची तजवीज गावाच्या अंदाजपत्रकात करावी लागते, आणि ती मागण्याचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही आपली आहे.